अखर्चित

एकोणतीस मार्च, दुपारचे चार चाळीस.
कूलरात पाणी नाही, वाळ्याची ताटी कोरडीच फडफडते
आणि स्क्रीनवर पैसा उगवतो:
अठरा लाख चाळीस हजार,
ग्रामीण अर्थचक्रास उभारी.

बिसेन ग्रामसेवक म्हणतो,
"म्याडम, वर्षभर कुठं होता हा?"
दिल्लीत होता, मग मुंबईत,
मग दोन महिने कुणाच्या तरी रजेत,
मग आचारसंहितेच्या सावलीला बसला होता.
आता आलाय, आणि आल्या पावली
परतीच्या गाडीची वेळ विचारतोय.

एकतीसला रात्री बारापर्यंत खर्चा,
नाहीतर समर्पित करा.

समर्पित.
आई हा शब्द नैवेद्याच्या ताटापुढे म्हणायची,
पाणी फिरवून, डोळे मिटून.
आमच्या खात्यात
जे जमलं नाही त्याला समर्पित म्हणतात.

मोहटोल्याच्या तलावाची तुडुम फुटली आहे.
कौतिका नान्हे, मच्छीमार संस्थेची सचिव,
तीन ग्रामसभांत उभी राहून बोलली:
"पाणी जानेवारीतच वाहून जाते जी,
मासोळी बोटभरच राह्यते.
साठ हजाराचं काम आहे, गवंडी बी गावातलाच."
ठराव आहे. सूचक आहे, अनुमोदक आहे,
अंगठ्यांची शाई अजून उजळ आहे.
लेखाशीर्ष नाही.
या पैशात नवीन मत्ता बसते,
जुनीची दुरुस्ती बसत नाही.
नवा तलाव खोदतो म्हटलं तर बसेल,
दोनशे वर्षांचा बुजवून.

कपाटात एकच अंदाजपत्रक तयार निघतं,
सहीशिक्क्यानिशी:
स्वागत कमान, पंधरा लाख.
कुणी केलं, कधी, कुणालाच आठवत नाही.

तीस तारखेला व्हीसी.
पडद्यावर तालुक्यांची यादी, आमचा लाल.
"टक्का वाढवा."
कशाचा, हे साहेब विचारत नाहीत,
त्यांच्याही समोर एक पडदा असेल,
त्यावर जिल्हे असतील
आणि एक जिल्हा लाल.

एकतीसच्या रात्री कोषागाराचं चक्र फिरत राहिलं.
ऑपरेटर टेबलावर डोकं ठेवून झोपला.
खिडकीतून मोहाचा वास येत होता, जड, गोडसर.
चारला बाया टोपल्या घेऊन निघतील.
मोहही याच दिवसांत गळतो,
पण रोज थोडा, पहाटे,
उचलणारीच्या टोपलीत मावेल एवढा.
उद्यासाठी काही झाडावर ठेवतो.
त्याला हे कुणी शिकवलं, कोणत्या परिपत्रकानं,
असं काहीतरी माझ्या मनात आलं
आणि तेवढ्यात सर्व्हर सुरू झाला.

मोजमाप पुस्तिकेत कमान
रात्री पावणेबाराला उभी राहिली.
गावात ती सप्टेंबरात पोचली.
सही माझी आहे.
उरलेले तीन लाख चाळीस हजार
मी समर्पित केले, डोळे उघडे ठेवून,
आणि पेपरात आलं:
अधिकाऱ्यांच्या उदासीनतेमुळे निधी परत.

मोहटोला आपले सहर्ष स्वागत करीत आहे.
कमानीखालून दिवसाला एक एसटी जाते,
तीही शाळेच्या सुट्टीत नाही.

उपयोगिता प्रमाणपत्राचा रकाना सात:
लाभार्थ्यांच्या राहणीमानात झालेला बदल.
रुंदी दोन बोटं.
मी तपासणीला गेले तेव्हा
कौतिकानं कमानीच्या दोन खांबांना दोरी बांधून
जाळी वाळत घातली होती.
"तलावाच्या पाळीवर काटे लागते," म्हणाली,
"इथं बरं पडते. कामाची झाली तुमची कमान."
तिच्या बोलण्यात टोमणा होता का,
मी वळून वळून आठवून पाहिलं.
नव्हता.
तेच मला रात्रभर लागत राहिलं.

रकाना सातमध्ये मी लिहिलं:
जाळी वाळतात.

लेखापरीक्षणात आक्षेप निघाला आहे:
जाळी ही बाब मंजूर यादीत नाही, खुलासा करावा.
कागद समोर आहे, वर तारीख टाकली आहे.
तुडुमेतून पाणी जातंय.
इथून ऐकू येत नाही,
अठरा किलोमीटर आहे.